शाळेचा शर्ट

रोवेनाला सोळावं सरून दोन महिने झाले होते आणि तिच्या पोटच्या पोराला पाचवा महिना लागला होता, पण गावाच्या लेखी ती त्याची ताई होती. हे तिच्या आईनं, नेनितानं ठरवलं होतं. पोट दिसायच्या आत तिनं लेकीला पलीकडच्या बेटावर मावशीकडे धाडलं, मागोमाग स्वतः गेली, आणि परतली ती बाळ छातीशी धरूनच. "उशिरानं का होईना, देवानं पदरात टाकलं," असं सगळ्यांना सांगून मोकळी झाली. नाव एलिसेओ, लाडानं एली. त्याचा बाप सतरा वर्षांचा, मनिलाला गेला तो गेलाच. त्याच्याविषयी सांगण्यासारखं काही असतं तर सांगितलं असतं.

नेनिता दुष्ट नव्हती हो. रोवेना पोटात राहिली तेव्हा ती स्वतःही जेमतेम सतराची होती, आणि तिची शाळा सुटली ती कायमची. तिचा शाळेचा शर्ट अजून पेटीच्या तळाशी होता. कशाला ठेवलाय म्हणून विचारलं, तर म्हणायची, "फडक्याला होईल." लेकीला ती एकच सांगायची, "तू शीक. त्यानं ताई म्हटलं तर बिघडलं कुठं?"

कुठं बिघडत होतं ते रोवेनाला रोज कळत होतं. पडद्याआड चोरून पाजायचं, कुणाची चाहूल लागली की घाईनं बटणं लावायची, आणि चारचौघांत पोर रडलं तरी हात बांधून उभं राहायचं. त्यात परवा, रविवारी एलीचा बाप्तिस्मा होता. चर्चच्या कार्डावर आईचं नाव लिहून द्यायचं होतं. एकदा तिथं नेनिताचं नाव चढलं, की एली बोलायला लागल्यावर आई कुणाला म्हणणार?

शुक्रवारी ती शाळेतून दुपारच्या सुट्टीत घरी आली. दुपारी गणिताचा पेपर होता. गल्लीच्या तोंडापासूनच एलीचं रडणं ऐकू आलं आणि तिच्या छातीशी शर्ट ओला झाला. तिनं दप्तर पुढं धरलं.

घरात बायकाच बायका. रविवारच्या जेवणासाठी केळीच्या पानांत चिकट तांदूळ बांधणं चाललं होतं. झोळीत एली लालबुंद होऊन किंचाळत होता. पोरांना अंग चोळून द्यायला येणारी सेपा आजी त्याच्या पोटावर हात ठेवून बसली होती.

"पोट मऊ आहे. ताप नाही, काही नाही," आजी म्हणाली. "नेनिता, तुझे हात कामात आहेत ना? मग अंगावर वापरलेला कपडा घाल याच्यावर. न धुतलेला हवा. आईचा वास आला की पोर गप होतं, हे काय मी सांगायला हवं?"

नेनितानं खुंटीवरचा आपला सकाळचा झगा काढला आणि एलीवर पांघरला. एलीनं तो लाथेनं उडवला आणि दुप्पट जोरानं भोकाड पसरलं.

"आईचा म्हटलं मी," आजी शांतपणे म्हणाली.

बायकांचे हात थांबले. कोपऱ्यावरची दुकानवाली पुरिंग कार्ड मांडीवर घेऊन बसली होती, तिचं पेनही थांबलं. नेनितानं दारातल्या रोवेनाकडे पाहिलं. ती नजर रोवेनाला पाठ होती: लोकांसमोर नाही, खबरदार.

रोवेना पडद्याआड गेली. घाईत एक बटण तुटलंच. शर्ट काढून तिनं तो पडद्याच्या वरून बाहेर धरला. मनात म्हणत होती, घे ना आई, घे ना गं.

हात दुखायला लागला तरी कुणी घेईना. मग कुणीतरी शर्ट ओढला. एली दोन हुंदके देऊन थांबला.

"पुरिंग," नेनिताचा आवाज आला, "कार्डावर आईचं नाव चुकलंय. रोवेना लिही."

"लिहिलंच नव्हतं अजून," पुरिंग म्हणाली. "म्हटलं, बघू तुला कधी सुचतंय ते."

"म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

"अगं बाई! दूध वाढावं म्हणून शेवग्याच्या पाल्याचं सूप महिनोन् महिने तुझ्या नावानं आणत होतो, ते प्यायचं कोण? बारीक होत चाललीस तू, आणि गाल वर आले पोरीचे! मी तर मुद्दाम पाला जास्त घालत होते."

बायका खो खो हसल्या. नेनिता आधी चिडली, मग खाली बसली आणि तोंडाला हात लावून रडली. "मला वाटलं, तुम्ही हिला नावं ठेवाल."

"ठेवली असती की," आजी म्हणाली. "चार दिवस. मग पोराला खेळवायला आलोच असतो."

रोवेना आईचा दुसरा एक झगा घालून बाहेर आली. तिनं सगळ्यांदेखत एलीला उचललं, मांडीवर घेतलं आणि पाजलं. दाराकडे एकदाही पाहिलं नाही.

एली झोपला, पण शर्ट काही सोडेना. काढायला गेलं की ओठ काढायचा.

"पेपर बुडणार माझा," रोवेना रडकुंडीला आली. "घालू काय?"

नेनिता उठली. पेटीतले कपडे उपसून तिनं तळाचा शर्ट काढला. पिवळा पडला होता, पण घडी मोडलेली नव्हती. लेकीच्या अंगावर चढवून ती खालून वर एकेक बटण लावू लागली.

"फडक्याला ठेवला होतास ना?" रोवेनानं हळूच विचारलं.

"गप. सरळ उभी राहा." नेनितानं कॉलर नीट केली. "पेपर झाला की रेंगाळू नकोस. तुझं पोर वाट बघत असेल."