पहिल्या नंबरचा मान

लातुरात गंजगोलाईजवळ वीरण्णांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं. पण निकालाचे दिवस आले, की तिथं कुकर घ्यायला कमी आणि सल्ला घ्यायला जास्त माणसं यायची. त्यांची मुलगी सुकन्या बारावीला गेली आणि वीरण्णांनी प्रवेशाची सगळी भाषा घोकून टाकली. कॅप राउंड, ईडब्ल्यूएस, एनसीएल, टीएफडब्ल्यूएस. ही अक्षरं ते अशा ऐटीत उच्चारायचे, की समोरचा बाप स्टुलावर नीट सावरून बसायचा.

त्या दिवशी नायगावहून शेषेराव आले होते. त्यांच्या मुलाला इंजिनिअरिंगला जायचं होतं.

"अप्पा, हे ऑटो फ्रीझ काय हाय हो?"

"लई सोपं हाय. कॉलेजं क्रमानं भरायची. पहिल्या फेरीत पहिल्या नंबरचंच कॉलेज लागलं, की विषय संपला. तिथंच जायचं. नको म्हणलं, तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिल्या नंबरला तेच टाका, जिथं लेकराला खरंच जायचं हाय."

शेषेराव भारावले. फुकट सल्ला कसा न्यायचा, म्हणून एक झारा घेऊन गेले.

घरी मात्र प्रकरण वेगळं होतं. सुकन्याला नांदेडच्या नावाजलेल्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकायचं होतं आणि तेवढे मार्क तिने मिळवले होते. पण तिच्या मामाचं, म्हणजे तिच्या आईच्या, लक्ष्मम्माच्या, थोरल्या भावाचं, लोह्याच्या रस्त्यावर स्वतःचं इंजिनिअरिंग कॉलेज होतं. इमारत मोठी, पोरं थोडी. महांतेशमामांनी फोन करून सांगितलं होतं, "दाजी, यादीत आमचं बी नाव असू द्या. समाजात बरं दिसतंय."

आता मामाचं नाव घालायचं, तर ते चौथ्या-पाचव्या जागी कसं घालायचं? या घरात पत्रिका पहिली देवाला, मग मामाला. जावळ मामाच्या मांडीवर. आहेरात पहिला टॉवेल-टोपी मामाला. तो चुकून दुसऱ्याला गेला, तर वर्षभर अबोला. वीरण्णांनी पहिल्या नंबरला मामाचं कॉलेज टाकलं आणि दुसऱ्याला नांदेड.

"अप्पा, नांदेड वर पाहिजे ना?" सुकन्या म्हणाली.

"अगं, वरचं मानाचं असतंय. तुझं मेरिट हाय, तुला नांदेडच मिळतंय. मी रोज लोकांला काय सांगायलोय?"

अर्धं लातूर ज्यांना विचारतं, त्यांना आपण काय शिकवायचं, म्हणून तिने यादी तशीच राहू दिली. वीरण्णांनी त्या यादीचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. मामांकडून जोडलेले हात आले, फुलं आली.

पहिली फेरी लागली त्या सकाळी सुकन्याने मोबाइल उघडला आणि वडिलांपुढे धरला. मामाचं कॉलेज. खाली दोन शब्द: ऑटो फ्रीझ.

वीरण्णांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. त्यांनी हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या मुलीने त्यांना ऑटो फ्रीझ म्हणजे काय ते शांतपणे समजावलं, जवळजवळ त्यांच्याच शब्दांत. "हे सगळं मला माहीत हाय," असं म्हणायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण त्यांनी मुकाट्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, ते नुसतं मानाचं टाकलं होतं हो."

ती मुलगी म्हणाली, "सर, तसा रकाना नाहीये."

दुपारी महांतेशमामा आले. शाल, नारळ, पेढे. "दाजी, तुम्ही नातं राखलं! पहिला नंबर आपल्या कॉलेजला! आता पोस्टरवर सुकन्याचाच फोटो."

लक्ष्मम्माने डोळ्यांना पदर लावला. मामांना ते आनंदाचं रडं वाटलं.

"आणि रुद्रेशचं?" वीरण्णांनी विचारलं. रुद्रेश मामांचा मुलगा. त्याचे मार्क सुकन्यापेक्षा कमी होते.

"त्याला नांदेड लागलं की! कॉम्प्युटरच."

"तुमचं कॉलेज टाकलं नव्हतं?"

"टाकलं होतं ना, सगळ्यात खाली. कुठंच न्हाई लागलं तर हायच म्हणलं आपलं." मामा मनमोकळं हसले. "पोराच्या आयुष्याचा प्रश्न हाय, दाजी. तिथं मान बघून कसं चालंल?"

वीरण्णांना हसू आणायचं होतं, ते काही आलं नाही. आपणच आपल्या लेकीचं वाटोळं केलं, एवढं एकच त्यांच्या डोक्यात घुमत होतं. तिच्याकडे बघायची त्यांची छाती होईना.

सुकन्या आतून चहाचा ट्रे घेऊन आली. सवयीने वीरण्णांनी हात पुढे केला. ती त्यांच्यासमोरून पुढे गेली आणि मामांपुढे वाकली.

"घ्या मामा," ती म्हणाली, "पहिला मान तुमचा."