पट्ट्या सोडणार कोण?

सत्यभामाबाईंनी एकच प्रश्न तीन दिवसांत चार वेळा विचारला होता आणि चारही वेळा त्यांना उत्तर म्हणून नुसतं हसू मिळालं होतं.

त्या रोहिणखेडच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्स. वय अडतीस. नवरा वारल्यावर अमरावतीला शिकून त्यांनी ही नोकरी धरली, त्याला अकरा वर्षं झाली होती. दवाखान्यात डॉक्टरची जागा नव्हतीच. बाळंतपणं, विंचू, ताप, खरूज, सगळं नर्सबाईच पाहायच्या. मोतीबिंदूपुढे मात्र त्यांचा इलाज नव्हता. पंचक्रोशीत असं एक गाव नव्हतं, जिथे दोनतीन म्हातारी माणसं भिंतीला हात लावून चालत नव्हती.

त्रेसष्ट सालच्या जानेवारीत डेन्मार्कहून डोळ्यांचे डॉक्टर आले. तीन डॉक्टर, दोन नर्सा, अकरा पेट्या. आपापल्या नोकऱ्यांतून रजा काढून, पदरमोड करून आलेली माणसं. सरपंच उत्तमराव मलकापूर स्टेशनवर हार घेऊन गेले. शाळेला सुट्टी दिली, चौथीच्या वर्गात दोन टेबलं जोडून ऑपरेशनची खोली केली, बाकीच्या वर्गांत तणस पसरून वर सतरंज्या घातल्या. बैलगाड्यांतून, खाटांवरून, कुणाच्या तरी खांद्याला धरून माणसं येऊन आवारात बसली.

पाहुणे दहा दिवस राहणार होते. पण मुंबईला पेट्या सोडवण्यात तीन दिवस गेले, मलकापूरच्या सत्कारात एक गेला आणि जुनी मशीद दाखवण्यात उत्तमरावांनी आणखी एक घालवला. हातात पाच दिवस उरले. त्या पाच दिवसांत मोठे डॉक्टर येन्सन आणि त्यांची माणसं अशी राबली की पाहणाऱ्याला कीव यावी. त्रेचाळीस डोळे केले. उभं राहून राहून येन्सनसाहेबांचे पाय सुजले होते, बुटांच्या नाड्या सोडून ते काम करत होते. त्यांच्याविषयी वाईट बोलायला सत्यभामाबाईंजवळ काही नव्हतं. फक्त तो प्रश्न होता.

तेव्हा मोतीबिंदू काढला की माणसाला आठ दिवस उताणं पडून राहावं लागे. डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या. कुशीवर वळायचं नाही, जोर करायचा नाही, सगळे विधी पडल्या जागी. शेवटची ऑपरेशनं शुक्रवारी झाली आणि पाहुणे शनिवारी निघणार होते. मग पट्ट्या सोडणार कोण? आणि एखाद्याचं बिघडलं तर पाहणार कोण?

पाहुण्यांशी बोलायचं ते हेडमास्तर नारायणरावांमार्फत. गावात धडपणे इंग्रजी बोलणारे तेवढेच. शनिवारी सकाळी जीपमध्ये पेट्या चढत होत्या तेव्हा सत्यभामाबाईंनी त्यांना येन्सनसाहेबांपुढे उभं केलं.

"गुरुजी, यायले इचारा, आठव्या दिवशी डोये कोन पाहीन? मले येवढ्या लोकायचं एकटीले जमनार नाई. एक तरी डॉक्टर मांगं ठेवा म्हना."

नारायणराव इंग्रजीत बरंच काही बोलले. येन्सनसाहेब हसले, त्यांनी सत्यभामाबाईंचा हात हातात घेऊन हलवला.

सत्यभामाबाईंना इंग्रजी बोलता येत नव्हतं, पण औषधांच्या बाटल्या वाचून वाचून थोडं कळत होतं. नारायणरावांच्या बोलण्यातले 'थँक' आणि 'हॅपी' हे दोन शब्द त्यांनी नीट ऐकले होते.

"गुरुजी, मी थे नाई सांगतलं."

"अहो बाई," नारायणराव हळू आवाजात म्हणाले, "समुद्रापलीकडून आलेली माणसं. निघता निघता त्यांना असं विचारतात का? आपल्या गावाची काही अब्रू आहे की नाही?"

"अब्रूचं नाई इचारून राह्यली मी. डोयाचं इचारून राह्यली."

पण हार घालायला माणसं पुढे सरली आणि बोलणं तिथंच राहिलं. त्या डॉक्टरांत किर्स्टन नावाची एक तरणी बाई होती, बायकांनी तिचं किस्नाबाई करून टाकलं होतं. ती जीपमध्ये बसलेली पुन्हा उतरली, सत्यभामाबाईंच्या चेहऱ्याकडे पाहून काहीतरी विचारायला लागली. नारायणरावांनी तिलाही हसतमुखाने काही सांगितलं. तिने मान डोलावली, थेंबांच्या चार बाटल्या आणि इंग्रजीत लिहिलेला एक कागद सत्यभामाबाईंच्या हातात दिला, जाड भिंगांच्या चष्म्यांची पेटी दाखवली आणि जीप गेली.

पुढचे आठ दिवस सत्यभामाबाई घरी फक्त आंघोळीला गेल्या. कागदातल्या शब्दांचा अर्थ शाळेच्या डिक्शनरीतून काढायचा, तसे थेंब घालायचे, पुन्हा पट्टी बांधायची. चार वर्गांतून एक फेरी पुरी होईतो पहिल्या माणसाची वेळ पुन्हा आलेली असे. नातेवाईक वेगळे. कुणी चोरून भाकर भरवी, कुणी पट्टी वर करून "दिसते का?" असं विचारी. सांगून सांगून त्यांचा घसा बसला.

सगळ्यांत जड गेले ते उकंडराव. साठीचे, मोठ्या शेतीचे धनी, दोन्ही डोळे गेलेले; त्यातला उजवा शुक्रवारी केला होता. सत्यभामाबाई त्यांना शौचाचं भांडं द्यायला गेल्या की ते तोंड फिरवायचे.

"पडल्या पडल्या? आन् थे बी चार लोकायच्या अंदर? मी काय लेकरू हाय का बाई?"

"उकंडराव, उठले तर डोया जाईन. आठ दिवस काढा. मंग वावरात जा, कुठीबी जा."

"काऊन जाईन डोया? गोऱ्या डॉक्टरनं केला हाय."

सोमवारी दुपारी सत्यभामाबाई पलीकडच्या वर्गात झुंबरबाई नावाच्या म्हातारीला थेंब घालत होत्या, तेवढ्यात उकंडराव उठले. भिंत धरून शाळेच्या मागे गेले, उंबऱ्याला अडखळून गुडघ्यावर पडले. त्यांची हाक ऐकून सत्यभामाबाई धावल्या. पट्टी ओली झाली होती. सोडून पाहिली तर जखम उघडली होती.

कापसाच्या ट्रकमधून त्यांना बुलढाण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पाहिलं आणि डोळा गेला म्हणून सांगितलं. "हे सगळं ते तुमच्याकडे सोडून गेले? एकट्या तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं. सत्यभामाबाईंना हो म्हणायचीही लाज वाटली.

परत आल्या तेव्हा गावाने आपला निकाल देऊन टाकला होता. उत्तमराव शाळेच्या फाटकातच उभे होते.

"बाई, त्यायनं एवढं सोन्यासारखं काम करून देलं. तुमाले नुसते आठ दिवस सांभायता आलं नाई?"

"तुमी किती दिवस होते अठी, उत्तमराव?"

पण बोलणं गावभर तेच फिरलं: डोळा गोऱ्या डॉक्टरनं दिला आणि नर्सबाईनं घालवला. उकंडरावांच्या घरचे तर दवाखान्यासमोरून जाताना मान वळवायला लागले.

बाकीच्या पट्ट्या सत्यभामाबाईंनी एकेक करून सोडल्या. झुंबरबाईंना चष्मा चढवला तेव्हा त्यांनी आधी स्वतःचे हात पाहिले, मग सत्यभामाबाईंचं तोंड बराच वेळ पाहिलं. "तू तर लयच वाळली वं," म्हणाल्या. दुसरा कुठला दिवस असता तर सत्यभामाबाईंना रडू आलं असतं. त्या दिवशी पुढचा माणूस थांबला होता.

एप्रिलात डेन्मार्कहून छापील अहवाल आला. आत हार घातलेले फोटो. ग्रामपंचायतीत माणसं गोळा करून नारायणरावांनी तो मराठीत वाचून दाखवला. त्रेचाळीस ऑपरेशनं, सगळी यशस्वी. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"गुरुजी, थे शेवटचं पुन्हा वाचा," मागून सत्यभामाबाई म्हणाल्या.

नारायणरावांनी वाचलं.

"बेचाळीस. त्यायले लिहा का बेचाळीस झाले. आन् पुढच्या साली यायचं असंन तर शेवटची पट्टी सोडेपर्यंत राहा म्हना."

"बघू, बघू," नारायणराव कागद घडी करत म्हणाले. मग माणसं पांगल्यावर जवळ येऊन समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, मी लिहीन. पण जरा बेताने लिहीन."

"बेतानंच सांगतलं होतं तुमी शनिवारी. राहू द्या. मी लिहिते."

म्हणायला सोपं होतं. शाळेची डिक्शनरी घेऊन सत्यभामाबाई चार दिवस दवाखान्याच्या बाकावर बसल्या. दहा ओळी झाल्या. व्याकरण कसं होतं देव जाणे, पण अर्थ लपलेला नव्हता: त्रेचाळीस नाही, बेचाळीस. उकंडरावचा उजवा डोळा गेला. पट्टीला आठ दिवस लागतात, तुम्ही दुसऱ्या दिवशी गेलात. मी चार वेळा विचारलं, माझं विचारणं तुम्हाला कोणी सांगितलं नाही. पुन्हा याल तर राहायला या, नाहीतर येऊ नका.

शेवटची ओळ खोडावी की काय, असं पोस्टाच्या पेटीपाशी त्यांच्या मनात आलं. खोडली नाही.

उत्तर आलं नाही. मे गेला, पाऊसकाळ गेला, दिवाळी गेली. पत्राची गोष्ट मात्र गावात फुटली. उत्तमराव दवाखान्यात येऊन खुर्चीवर न बसताच बोलले.

"येऊ नका म्हून लिहिलं तुमी? कोनाले इचारून लिहिलं? तुमचे डोये शाबूत हायेत, बाई. ज्यायचे नाईत त्यायनं काय करावं?"

हेच सत्यभामाबाई स्वतःलाही रोज विचारत होत्या. दर बाजारच्या दिवशी दवाखान्यात कोणीतरी चाचपडत यायचं. उंद्रीकडून लेकीकडे राहायला आलेली वच्छलाबाई तर आठवड्याला यायची. "डॉक्टर कवा येतीन वं बाई?" एवढंच विचारायची. सत्यभामाबाई तिला पाणी द्यायच्या आणि विषय बदलायच्या. बेचाळीस माणसांना दिसायला लागलं ते त्या घाईच्या पाच दिवसांमुळेच, हे त्यांना कळत होतं. उकंडरावांचा डोळा गेला तोही त्या घाईमुळेच. दोन्ही खरं होतं, आणि या दोन्हींची सांगड घालून देणारं जवळ कोणी नव्हतं. कधी पत्र लिहिल्याचा राग यायचा, कधी चार दिवस शब्द शोधण्यात गेले याचा, तर कधी नारायणरावांच्या हसऱ्या तोंडाचा.

डिसेंबरात दोन पत्रं आली. पहिलं छापील कागदावर, ग्रामपंचायतीच्या नावाने: या वर्षी चमू दुसऱ्या ठिकाणी जाणार आहे, सहकार्याबद्दल आभार. दुसरं हाताने लिहिलेलं, सत्यभामाबाईंच्या नावाने. त्यांनी ते नारायणरावांना दाखवलं नाही. डिक्शनरी घेतली.

किस्नाबाईचं होतं. 'तुमचं पत्र मी बैठकीत वाचलं. काहींना राग आला. मला लाज वाटली. तुम्ही आभार मानत नव्हता हे मला त्या शनिवारी तुमच्या तोंडावरून कळलं होतं. मास्तरांनी सांगितलं ते मी खरं धरलं, कारण ते माझ्या सोयीचं होतं. मी जानेवारीत एका नर्सला घेऊन येते. तीन आठवडे राहीन. मोठे डॉक्टर नसतील, म्हणून वीसच डोळे करीन, पण वीसही पट्ट्या मी सोडीन.'

सत्यभामाबाईंना बरं वाटलं, पण ते बरं वाटणं संध्याकाळपर्यंतही टिकलं नाही.

"इस?" उत्तमराव म्हणाले. "मांगच्या साली त्रेचाळीस. तुमच्या कागदानं इसावर आनलं. आता निवडा तुमीच कोनते इस थे."

निवडावं लागलंच. आवारात चौसष्ट माणसं जमली. किस्नाबाईने डोळे तपासले आणि कोणाचे होण्यासारखे आहेत ते सांगितलं, तरी पन्नासच्या वर उरले. दोन्ही डोळ्यांनी आंधळे तेवढे आधी, असं सत्यभामाबाईंनी ठरवलं. पहिलं नाव उकंडरावांचं घातलं. त्यावरून गलका झाला. एक डोळा ज्यानं स्वतःच्या हट्टानं घालवला, त्याला पहिला मान कशाचा, असं लोक म्हणायला लागले.

"मान नाई, थे पुरे आंधळे हायेत," सत्यभामाबाई म्हणाल्या. "ज्याले एका डोयानं दिसते त्यानं घरी जावं."

वच्छलाबाईला एका डोळ्याने अंधूक दिसत होतं. तिने काही भांडण केलं नाही. लेकीचा हात धरून उठली आणि जाताना सत्यभामाबाईंच्या बाजूला वळलीसुद्धा नाही.

या वेळी बोलणं नारायणरावांमार्फत झालं नाही. ते पहिल्या दिवशी कोट घालून आले होते. किस्नाबाईने त्यांना नमस्कार केला आणि सरळ सत्यभामाबाईंकडे वळून एकेक सोपा शब्द उच्चारत विचारलं. सत्यभामाबाई तशाच तुटक शब्दांत बोलल्या. एकमेकींना पहिल्या फटक्यात कळायचं नाही, मग दोघी चिडायच्या, मग कागदावर काढून दाखवायच्या. नारायणराव थोडा वेळ उभे राहिले आणि वर्गातल्या खिडक्या पुसून घ्यायला लागले. ते काम मात्र त्यांनी तीनही आठवडे नेटाने केलं.

उकंडराव आठ दिवस हलले नाहीत. भांड्याला नाही म्हणाले नाहीत, पण प्रत्येक वेळी डेन्मार्कपासून दवाखान्यापर्यंत सगळ्यांना शिव्या घातल्या. नवव्या दिवशी किस्नाबाईने पट्टी सोडून चष्मा चढवला. उकंडराव सत्यभामाबाईंना म्हणाले, "लोकायले सांगतो मी. थो डोया म्याच घालवला."

"आता सांगून काय?" सत्यभामाबाई म्हणाल्या. त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण वर्षभर लोकांनी दिलेला बोल असा एका वाक्यात उतरत नव्हता.

विसांपैकी वीस डोळे नीट झाले. किस्नाबाई गेली त्या दिवशी हार नव्हते, फोटो नव्हते. पुढच्या वर्षी येईन असं ती म्हणाली नाही. रजा मिळेल की नाही माहीत नाही, असं म्हणाली. निदान ते खरं होतं.

दुसऱ्याच बाजारी वच्छलाबाई आली. बाकावर बसली. पाणी पिऊन म्हणाली, "मंग माहा नंबर कवा?"

"मले माहीत नाई," सत्यभामाबाई म्हणाल्या. "खरंच माहीत नाई, मावशी."

वच्छलाबाई गेल्यावर त्यांनी कागद काढला. या वेळी डिक्शनरी लागणार नव्हती. जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना त्यांनी मराठीत लिहायला घेतलं, की रोहिणखेडला तीसच्या वर माणसं थांबली आहेत, शाळा मिळते, चष्मे शिल्लक आहेत, पट्ट्या सोडणारी नर्स आहे. वर्षातून महिनाभर डोळ्यांचा डॉक्टर पाठवावा. लिहून झालं तेव्हा वाचून पाहिलं. 'कृपा करून' हे शब्द दोनदा आले होते. त्यांनी त्यातला एक खोडला आणि थांबलेल्या माणसांची नावं, वच्छलाबाईपासून सुरुवात करून, खाली लिहायला घेतली.