लाखोळीचा पट्टा

त्या दिवशी मी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने लॅबमधली जेल भरली आणि एक थेंब सांडला नाही! अकरावीतल्या पोरीच्या हातात असं सामान अख्ख्या गडचिरोलीत दुसऱ्या कोणी दिलं असतं? उर्वशीताईने दिलं. ती कॉलेजात पीएचडी करते. आमच्या शाळेत व्याख्यानाला आली तेव्हा मी प्रश्नांवर प्रश्न विचारले, तर म्हणाली, "संघप्रिया, तू रविवारी माझ्या लॅबमध्ये येत जा." तेव्हापासून वर्गात माझा हात खाली म्हणून येत नाही.

माझा प्रकल्प भिलाव्याचा, म्हणजे बिब्ब्याचा. आलापल्लीजवळच्या आमच्या गावात बाबा भिलावा फोडायला जातात. तेल अंगावर उडालं की त्यांचे हात असे सुजतात की मूठ मिटत नाही. ताईने सांगितलं होतं, पेशीच्या आत एक प्रथिन असतं, 'सूज आण' हा निरोप तेच पुढे पोचवतं. ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून अँटीबॉडी. माणसाच्या पेशी फोडून त्यांतली प्रथिनं जेलमध्ये, म्हणजे लिबलिबीत वडीतल्या छोट्या घरांत भरून, आकाराप्रमाणे वेगळी करायची, पातळ पडद्यावर उतरवायची आणि वरून अँटीबॉडी सोडायची. ती तेवढ्या एका प्रथिनाला जाऊन चिकटते आणि मशीनमध्ये तिथे काळा पट्टा दिसतो. भिलाव्याचं तेल दिलेल्या पेशींत पट्टा चांगला जाड यायचा. "बाकी सारे खोटं बोलतीन, ही बाटली नाई बोलत," असं ताई अँटीबॉडीची बाटली दाखवून म्हणायची.

मी घरी जाऊन सांगून टाकलं, "बाबा, तुमच्या सुजेचं कारण मी पकडलं!" शुक्रवारी जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. पहिला नंबर आला की नागपूर!

जेलचं शेवटचं घर ताई नेहमी रिकामं सोडायची. पेशी महाग, म्हणून माझा हात बसावा यासाठी तिने मला आमच्याकडे जिची डाळ करतात ती लाखोळी मोड आणून, वाटून तिची प्रथिनं काढायला शिकवलं होतं. ती नळी बर्फात पडून होती. माझं जेल भरणं चालू असताना ताई फोनवर बोलायला बाहेर गेली आणि मला वाटलं, माझ्या लाखोळीनेही एकदा माणसांच्या पंगतीत बसावं की! भरली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मशीनमध्ये पाहते तर लाखोळीच्या घरात पट्टा. बाकीच्यांच्या अगदी रांगेत, काळाकुट्ट.

मी टाळ्याच वाजवल्या. "ताई! डाळीत माणसाचं प्रथिन! आता नागपूर नाई, डायरेक्ट दिल्ली!"

ताई हसली नाही. "शेवटच्या घरात काय भरलं तू?"

"लाखोळी."

"काऊन?"

"रिकामंच होतं नं."

तिने माऊस घेतला आणि फोटोची ती कड निवडली. "हे कापून टाकू. पोस्टरवर बाकीचंच लाव."

"पण ताई, ही अँटीबॉडी लाखोळीलेही चिकटते, तर मंग माणसाच्या पेशीत नेमकी कोणाले चिकटली?"

तिने माऊस सोडून दिला, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

"तुले माहीत होतं."

"दिवाळीतच समजलं," ती म्हणाली. "ते प्रथिनच काढून टाकलेल्या पेशी मागवल्या होत्या. त्यातही पट्टा आला. या बाटलीले सारेच सोयरे वाटतात."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"तू काय केलं असतं सांगून? माझा पेपर याच पट्ट्यावर छापायले गेला आहे. आणि शाळेच्या प्रदर्शनात एवढं कोण पाहून राह्यलं? तुले नंबर पाहिजे नं? घे नं मंग!"

शाळेचं प्रदर्शन. ताईने भरवसा टाकला म्हणून मी गावभर छाती काढून फिरत होते. खरी बाटली असती तर तिने मला बोटही लावू दिलं नसतं. वाया गेलेली होती, म्हणून माझ्या हातात आली होती.

शुक्रवारी मी अख्खा फोटो लावला. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या टेबलाशेजारी उभे होते. परीक्षकांनी बोट ठेवलं, "हे शेवटचं काय?"

"लाखोळीची डाळ, सर."

मागे कोणी तरी फिसकन हसलं. मी सगळं सांगितलं. लाखोळीतही तोच पट्टा येतो, हेही.

"मग तुझा निष्कर्ष काय?"

"नाही आहे, सर. ही अँटीबॉडी कोणाला ओळखते, तेच माहीत नाही."

ते पुढच्या टेबलावरचा झाडांना पाणी घालणारा रोबो बघायला गेले. पहिला नंबर त्यालाच मिळाला. उर्वशीताई दारात उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. "ताई!" मी हाक मारली. तिने माझ्याकडे पाहिलं, ओढणी सारखी केली आणि पायऱ्या उतरून गेली.

परतीच्या बसमध्ये बाबांनी तिकिटं काढली. मग म्हणाले, "मंग माया हाताचं काय समजाचं?"

"नाई समजलं, बाबा."

"नाई तं नाई. तुह्या ताईले सांग, वावरात पोपटाच्या शेंगा आल्या म्हना. जेवाले येतो म्हने नं ते?"

"नाई येत ते आता."

"काऊन? भांडली का तुह्यासंग?"

"भांडली असती तर बरं होतं, बाबा."