अंगणातला व्याही

“इथंच बसू या की अंगणात, वारा छान आहे,” मुलीची आई कोन्सिंगबाई म्हणाल्या आणि आंब्याखाली प्लास्टिकच्या खुर्च्या मांडायला लागल्या.

वारा कसला? आंब्याचं पान हलत नव्हतं. माझ्या हातात भाजलेल्या कोंबड्या, माझ्या लेकाच्या, रोनेलच्या हातात शेवयांचं पातेलं, नवऱ्याच्या हातात चिकट भाताच्या वड्यांचं ताट, आणि तिघेही घामाने थबथबलेले. आमच्याकडे मुलाकडच्यांनी जेवण घेऊन मुलीच्या घरचा जिना चढायचा आणि वर बसून मागणी घालायची, ही रीत. सगळी घरं खांबांवर उभी असायची तेव्हापासूनची. जिना चढल्याशिवाय मागणी झाली असं कुणी मानत नाही. आणि ही बाई आम्हाला अंगणात बसवत होती.

“वरच गेलो असतो,” मी म्हटलं. “जेवण निवतंय.”

“वर नुसता पसारा पडलाय हो,” त्या म्हणाल्या. बोलत माझ्याशी होत्या, पण नजर माझ्या नवऱ्यावर. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

माझा नवरा अन्सेल्मो. सगळे त्याला सेल्मो म्हणतात. तो नगरपालिकेत घरपट्टीची आकारणी करतो. कुणाची भिंत कशाची, छप्पर कशाचं, आवारात नारळ किती, हे बघून मालमत्तेची किंमत लावणारा माणूस. लग्न झाल्यापासून बघतेय, कुणाच्याही घरी गेला की हा आधी वर छताकडे बघतो. मौतीच्या घरीसुद्धा. त्याला स्वतःला ते कळत नाही, पण लोकांना बरोबर कळतं. गावच्या संताच्या सणाला इथं सगळी दारं उघडी असतात, वाटेने जाणाऱ्या परक्यालाही हाताला धरून जेवायला बसवतात. आम्हाला फाटकापाशी ताट मिळतं. “घाईत असाल ना?” असं वर विचारतात. सुरुवातीला मी घरी येऊन भांडायचे. मग ते सोडून दिलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय?

त्यात यंदा गावभर फेरआकारणी चालू, आणि हा भाग साहेबांनी नेमका सेल्मोच्याच गळ्यात मारलेला. नगरपालिकेच्या दप्तरी हे घर अजून बांबूचं आणि झावळ्यांचं होतं. समोर उभं होतं ते सिमेंटचं, दुमजली, गुलाबी रंगाचं. मुलीचे, म्हणजे मायलीनचे वडील दिओस्दादो उभा जन्म जहाजांवर राबले, आणि प्रत्येक फेरीहून आले की घराला एक खोली चढवत गेले. नोंद बदलायला कुणी गेलं नाही. आज आम्ही येणार म्हणून वरच्या खिडकीतल्या एसीवर फुलाफुलांची चादर टाकली होती. दारातल्या चकचकीत फरशीवर जुन्या चटया अंथरल्या होत्या. दोन मजले मात्र कुठल्याच चादरीत मावले नव्हते. मला हसूही येत होतं आणि रडूही. पोराच्या सोयरिकीला आलेल्या माणसापासून घर लपवतात का कुणी?

दिओस्दादो येऊन समोर बसले. जेवणाला त्यांनी हात लावला नाही.

“सेल्मोभाऊ, आडपडदा ठेवत नाही. पोरांचं जमलंय, रोनेल आम्हाला पसंत आहे. पण तुमच्या त्या आकारणीचं आधी मिटवून टाकू.”

“काय मिटवायचं?” सेल्मोने विचारलं.

“कागदावर बांबूचं घर आहे ना, बांबूचंच राहू द्या. तुम्ही अजून वर आला नाहीत, आतलं काही पाहिलं नाहीत. न पाहिलेलं लिहिणार कसं?”

“दादोभाऊ, तुमचं घर बसमधून दिसतं.”

रोनेलला हसू फुटत होतं. मी त्याला कोपर मारलं.

“बाकीचे करत नाहीत का असं?” दिओस्दादो म्हणाले.

“करतात.”

“मग?”

“मला हे घर मोजताच येणार नाही. सोमवारी साहेबांना सांगणार आहे की हा भाग दुसऱ्याला द्या, तिथं माझे व्याही राहतात.”

दिओस्दादो सावकाश म्हणाले, “म्हणजे तो दुसरा येणार आणि फरशीच्या लाद्यासुद्धा मोजणार. मग या नात्याचा आम्हाला उपयोग काय?”

मी नवऱ्याच्या कानाशी लागले. “बांबूचंच लिहून टाक ना, सेल्मो. एकदाच. पोरासाठी.” खोटं कशाला बोलू, त्या घडीला मला खरंखोटं काही सुचत नव्हतं. मला तो जिना चढायचा होता.

“तासिंगचे पत्रे मी लिहिले,” तो हळूच म्हणाला. “तिच्या घरची कॉफी पिऊन लिहिले. अजून भेटली की रोनेलची चौकशी करते. तिला कुठल्या तोंडाने भेटू?”

तासिंग म्हणजे बाजारात सुकट विकणारी विधवा. वादळात तिचं छप्पर उडालं, भावांनी वर्गणी काढून पत्रे घातले, आणि माझ्या नवऱ्याने ते इमानाने नोंदवले. तेव्हाही मी भांडले होते. पण याच्याशी भांडून उपयोग नसतो, हा नुसता गप्प बसतो. एकदा, फक्त एकदा म्हणाला होता, “मी ही नोकरी सोडू का?” मीच नको म्हटलं. रोनेलचं शिक्षण व्हायचं होतं. मग कुठे जाणार बिचारा? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

“मग काय, जेवण परत घेऊन जा,” दिओस्दादो म्हणाले आणि उठायला लागले.

तेवढ्यात मायलीन जिना उतरून खाली आली. नवा पिवळा झगा, केसांत फूल. तिने सेल्मोचा हात उचलून कपाळाला लावला, आशीर्वाद घेतला आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली.

“वर जा,” वडील म्हणाले.

“काकांना वर येऊ देत नाही ना? मग त्यांना मला इथंच मागू दे, पापा.”

“अगं, शेजारीपाजारी बघतायत,” कोन्सिंगबाई कुजबुजल्या.

“मग माझ्यावरही चादर टाक.”

दिओस्दादो लेकीकडे बघत होते, जहाजावर असताना जिचं सगळं बालपण बघायचं त्यांचं राहून गेलं त्या लेकीकडे. शेवटी त्यांनी मान हलवली.

“ठीक आहे. लग्नाला माझी ना नाही. मुलगा आणि त्याची आई, दोघं वर या.” मग सेल्मोकडे न बघता म्हणाले, “पण हे माझ्या घरचा जिना चढणार नाहीत. आज नाही आणि पुढेही नाही. नातवाच्या बाप्तिस्म्यालासुद्धा नाही.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चल रोनेल घरी, असं म्हणायला मी तोंड उघडलं. सेल्मोने माझं मनगट धरलं.

“चालेल,” तो म्हणाला. इतक्या लगेच म्हणाला की मला त्याचाच राग आला. “पर्लिता, तू विचार. तुला माझ्यापेक्षा चांगलं बोलता येतं. मायलीन, जा बाळ वर.”

मी चपला काढून जिना चढले. वर चटयांच्या कडेने फरशी दिसत होती, पांढरी, थंडगार. मी हात जोडून तुमची लेक आमच्या घरी द्या म्हटलं. रोनेलला धड बोलता येईना. कोन्सिंगबाईंनी डोळे पुसले, मायलीनचा हात माझ्या हातात दिला. झाली सोयरीक. मग उकडतंय म्हणून त्यांनीच एसीवरची चादर काढली आणि बटण दाबलं. पहिल्या गार झुळकीबरोबर माझा जीव खाली अंगणात गेला.

मी खिडकीशी गेले. सेल्मोने खुर्ची फिरवून घेतली होती. घराकडे पाठ, रस्त्याकडे तोंड. मांडीवर ताट होतं, आणि तो शांतपणे शेवया खात होता.

एक तीनचाकीवाला त्याला बघून थांबला. “काय सेल्मो, आज रविवारी पण मोजणी?”

“छे,” सेल्मो म्हणाला. “पोरासाठी मागणी घालायला आलोय.”