बसून पाहिलेली गिटार

शहाद्यात लोणखेड्याच्या रस्त्याला भिला मिस्तरीचं दुकान आहे. तिथून पलंग न्यायचा तर आधी एक विधी पार पाडावा लागतो. गिऱ्हाइकाच्या घरातलं सगळ्यात वजनदार माणूस पुढे बोलवायचं, त्याला पलंगाच्या मधोमध बसवायचं आणि पाय वर घ्यायला सांगायचं. मग भिला हात वर करून सगळ्यांना गप्प करतो आणि कान लावून ऐकतो. पलंग कुरकुरला नाही, की म्हणतो, "ली जा. नातवंडं बी बठतीन." घरात कुणी वजनदार नसेल तर युसुफभाई आहेच. युसुफभाई त्याच दुकानात पॉलिश करतो आणि इतकी वर्षं पॉलिशबरोबर पलंगांवर बसायचंही काम करत आला आहे. त्यातलं कोणतं काम त्याला जास्त आवडतं, हे त्याच्या पोटाकडे पाहिलं की कळतं.

असा हा भिला मिस्तरी गिटार करायला निघाला. तिथेच खरं तर कुणीतरी त्याचा हात धरायला हवा होता.

पण धरणार कोण? गिटार त्याच्या एकुलत्या एका लेकीसाठी होती. रोहिणीला नाशिकच्या एका शाळेत संगीत शिकवायची नोकरी लागली होती. तिच्याकडे गिटार होती, पण ती दुकानातली, स्वस्तातली. "मन्ही पोर बजारनी गिटार ली जाई? मंग मी कसाना मिस्तरी?" असं भिलाने अख्ख्या गल्लीत जाहीर करून टाकलं. एकदा जाहीर झालं म्हटल्यावर माघार घ्यायची सोय उरली नाही.

रोहिणीने त्याला मोबाइलवर सगळं दाखवलं. गिटारीत महत्त्वाची ती तबली, म्हणजे तारांखालची पुढची फळी. आवाज तिच्यातूनच निघतो. नव्या पद्धतीचे कारागीर ही फळी अगदी पातळ करतात, आणि तिला आतून हलक्या, बारीक पट्ट्यांची जाळी चिकटवतात.

"खाटना सारखं," भिला म्हणाला. सुतळी बारीक असते, पण विणली की माणूस झेलते, हे त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. "पन तारा कितल्या वढतस?"

"भलत्या वढतस, आबा. एक मोठा माणूस लोंबकळना ना, तितलं वजन."

झालं. पुढचं मागचं सगळं विसरून भिलाच्या डोक्यात तेवढा माणूस राहिला.

मोलगीकडच्या एका जुन्या घराची शिवणीच्या लाकडाची दारं त्याच्याकडे पडून होती. शिवण हलकी, सरळ रेघांची. निवड काही चुकली नाही. पण फळी पातळ करताना रंधा नेहमीच्या जाडीवर थांबला. त्याच्या हाताला ती सवयच होती. वर जाळीच्या पट्ट्या त्याने सागाच्या बसवल्या, खिडकीला शोभतील अशा. मग दोन स्टुलांवर ती तबली आडवी ठेवली आणि युसुफभाईला हाक मारली.

"बठ."

"यानावर?" युसुफभाई म्हणाला. "भिलाभाऊ, गिटार शे का पाट?"

"तू बठ ना. पाय वर ले."

युसुफभाई बसला. पाय वर घेतले. दुकान गप्प झालं. तबली कुरकुरली नाही, वाकलीसुद्धा नाही. भिलाला असा आनंद झाला, की त्याने स्वतः जाऊन चहा सांगितला.

गिटार पूर्ण झाली, रोहिणीने वाजवून पाहिली. खरं सांगायचं तर आवाज असा आला, जसं कुणी कपाटाचं दार ठोठावतंय. पण बाप समोर डोळे लावून उभा होता. रोहिणी हसली आणि म्हणाली, "मस्त शे, आबा." भिलाची छाती फुगली. त्या दिवशी दुकानात आलेल्या प्रत्येकाला त्याने ते ऐकवलं, कपाटाची मूठ बदलायला आलेल्यालाही.

नाशिकला निघायला आठवडा राहिला होता. दुकानामागेच घर, त्यामुळे दुपारी गिटारीचे सूर दुकानात यायचे आणि भिला रंधा थांबवून ऐकायचा. एका दुपारी तो पाणी प्यायला आत गेला. रोहिणी पाठमोरी बसून वाजवत होती. तिच्या मांडीवर जुनी गिटार होती. त्याच्या हातची गिटार खिळ्याला टांगली होती, वरून ओढणी घातलेली.

भिला पाणी न पिताच परतला. त्याला वाईट वाटलं, आणि ते साधंसुधं वाईट नव्हतं. अख्ख्या आयुष्यात त्याची एकही वस्तू परत आली नव्हती. पहिली नाकारली गेली ती घरातच, आणि तीही न बोलता, वरून कापड घालून.

युसुफभाईने त्याचा पडलेला चेहरा पाहिला आणि ब्रश खाली ठेवला. "कळनं का तुले?" तो म्हणाला. "माले कवयनंच कळेल व्हतं. ज्यानावर मी बठस, ते काय गाई?"

संध्याकाळी भिलाने ओढणी बाजूला करून गिटार खाली काढली आणि रोहिणीसमोर ठेवली. "मजबूत शे का, हाई इचारी नही ऱ्हायनू. बोलस का?"

रोहिणी म्हणाली, "नही बोलस, आबा."

"मंग सांगं कसाले नही?"

"तुम्हले वाईट वाटी म्हनीसन."

"वाटनंच," भिला म्हणाला. "आते काय करानं ते सांग."

दुसऱ्या दिवशी त्याने सुरी तापवली आणि गिटारीची मागची फळी उकलली. आपल्याच हातचा पक्का सांधा आपणच सोडवायचा, यासारखं जिवावर येणारं काम नाही. सागाच्या पट्ट्या एकेक करून निघाल्या. मग आतल्या बाजूने तबलीवर रंधा चालू झाला. थोडं तासून हात पुन्हा थांबला.

रोहिणीने फळी उचलून दोन्ही अंगठ्यांनी दाबली, बोटाच्या सांध्याने ठोकली, तापीकाठचं टरबूज ठोकून बघतात तशी. "आजून, आबा."

पुन्हा रंधा, पुन्हा ठोकणं. "आजून."

"मोडी जाई, पोरी."

"आजून थोडं."

भिलाची भीती लाकडाची नव्हती. पलंग मोडला तर गिऱ्हाईक दुकानात येतं, दुरुस्त करून देता येतो. ही नाशिकला मोडली, परक्या शाळेत, पोरांच्या देखत, तर तो तिथे नसणार. त्याला वाटत होतं, हातातली फळी पातळ होत नाहीये, लेकीच्या पायाखालची जमीन होतेय. त्याने रंध्याचं पातं आणखी आत घेतलं, आणि दाढी करावी इतक्या हलक्या हाताने फिरवू लागला. रोहिणीने मोबाइलचा दिवा फळीखाली धरला, तेव्हा फळीतून तांबूस उजेड दिसला.

"बस," ती म्हणाली.

या खेपेला पट्ट्या शिवणीच्याच, पतंगाच्या कामट्यांएवढ्या. त्या एकमेकींवरून नेऊन जाळी बसवली. सगळं जोडलं, सुकवलं, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी चिकटवली, तारा चढवल्या. तारा ताणल्या तशी घोडीमागची तबली किंचित फुगून वर आली. भिलाचा चेहरा उतरला. "देख, उठनी ती. मी सांगी ऱ्हायंतू."

"तितली उठानी जोयजे, आबा. ती वढ झेली ऱ्हायनी."

मग तिने वाजवली. पहिल्याच सुरासरशी मांडणीवर ठेवलेला खिळ्यांचा डबा बारीक थरथरला. युसुफभाईचा ब्रश हातातच राहिला. समोरच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन उभा राहिला. भिला स्टुलावर बसला आणि आपल्या हातांकडे बघू लागला. हे यांच्यातून निघालं, यावर त्याचा विश्वास बसेना. डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने भुशावर ढकललं.

"कितला साल टिकी?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"सांभाळसू तितला."

त्याला हे उत्तर पुरलं नाही. पुढचे दोन दिवस तो दुकानाच्या मागच्या भागात कुणाला येऊ देईना.

निघायच्या दिवशी भिलाच्या बायकोने, शोभाबाईने, लेकीला कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला. भिलाने खांद्यावरून एक सागवानी पेटी आणली, गिटारीच्या आकाराची, आतून मऊ गादी लावलेली. ती उचलताना रोहिणी वजनाने वाकली. बस स्टँडवर गर्दी होती, बाकडी भरलेली. भिलाने पेटी खाली टेकवली. आजूबाजूला बघितलं, पेटीच्या मधोमध बसला आणि पाय वर घेतले. उतारू बघत राहिले. शोभाबाईने दुसरीकडे तोंड केलं.

"युसुफकाकाले नही बठाडं?" रोहिणीने विचारलं.

"नही," भिला ऐकत म्हणाला. "आज मीच बठनू."

पेटी कुरकुरली नाही. मग तो उठला आणि लेकीला म्हणाला, "आते तू बठ. गाडीले टाइम शे."

संध्याकाळी घरी आल्यावर तो आत गेला. खिळ्यावर ओढणी तशीच होती. त्याने ती उचलली. खाली बाजारातली जुनी गिटार होती.