गवत नाजूक आहे

"वर पायऱ्या, खाली ढोल, मधे आमची डोकी," सासूबाई पडद्याआड भांडी घासता घासता पुटपुटत होत्या. "म्हातारपणी निवांत बसायला कोपरा म्हणून ठेवला नाही कुणी."

त्यांचं खोटं नव्हतं. आमचं घर मैदानाच्या पश्चिमेकडच्या स्टँडखाली आहे. लोकांच्या बसायच्या पायऱ्या म्हणजेच आमचं छत. स्वयंपाकघरात माणूस ताठ उभा राहतो, पण न्हाणीघराकडे जाताना कितीही मोठा असला तरी त्याला वाकावंच लागतं. वर सामना रंगला की आमचा दिवा हलतो. त्यात माझी लेक टिपरी पलंगावर बसून ड्रमचा सराव करत होती. शाळेच्या बँडमध्ये आहे, म्हणून हे नाव. मैदानाला शंभर वर्षं झाल्याच्या समारंभात तिचा बँड नव्या गॅलरीवर उभा राहून वाजवणार होता.

नव्या गॅलरीचा विषय निघाला की आमच्या घरात कुणाला तरी खोकला यायचा.

समारंभासाठी मैदानाचा इतिहास छापलाय, गुळगुळीत कागदावर. घरातला इतिहास त्याहून थोडा खरखरीत आहे. आधी इथे बाग होती आणि बागेला पाणी द्यायला एक भली मोठी विहीर. बाग गेली, घोड्यांच्या शर्यती आल्या. घोडे त्याच विहिरीचं पाणी प्यायचे. घोडे गेले, प्रदर्शनं आली. यंत्रांची, फुलांची, गुरांची, एका वर्षी तर नुसत्या पंख्यांचं; त्या वर्षी म्हणे लोक फक्त वारा खायला यायचे. सगळ्यांत मोठं प्रदर्शन भरलं तेव्हा माझे सासरे इथे मुकादम होते. विहीर बुजवायचं काम त्यांच्या अंगावर होतं. भरावाचे ट्रक निघाले, पण ऐनवेळी पाहुण्यांच्या मोटारींसाठी रस्ता करायचा म्हणून ते तिकडे वळवले. उद्घाटन तोंडावर आलं. मामंजींनी विहिरीवर रेल्वेचे जुने रूळ आडवे टाकले, रुळांवर फळ्या, फळ्यांवर माती, मातीवर हिरवळ. प्रदर्शन उरकलं की भरून घेऊ, म्हणाले. प्रदर्शन उरकलं, त्यांची वाहवा झाली, बक्षीस म्हणून हे घर मिळालं. मग भरायचा विषय कोणत्या तोंडानं काढणार? ती तर भरलेलीच होती ना.

हे मला कुणी सलग सांगितलेलं नाही. चिंध्या जोडाव्यात तसं मी वर्षानुवर्षं जोडत आणलंय. लग्नानंतर पहिल्याच सकाळी मी बादली घेऊन मैदानातून सरळ नळाकडे निघाले, तर सासूबाई दारातून ओरडल्या, "अगं, तिकडून नको. कडेनं जा."

"का?"

"तिथलं गवत नाजूक आहे."

मैदानावर सगळे हेच म्हणतात. रोलर फिरवणारे त्या तुकड्याला वळसा घालतात. नव्या गड्याला पहिलं काय शिकवतात, तर हा वळसा. जुन्या माणसांना कारण माहीत आहे, नव्यांना वळसा माहीत आहे. प्रदर्शनात तिथं कधी दुकान लागलं नाही, तंबूची खुंटी ठोकली गेली नाही. माझे यजमान आता मैदानाचे मुख्य माळी आहेत. त्यांनी तिथं फुलांचा वाफा केला, भोवती कुंपण घातलं. इतकं जपलं, इतकं जपलं, की अख्ख्या मैदानात मोकळी अशी तेवढीच जागा उरली.

आणि नव्या इंजिनिअरसाहेबांनी गॅलरीसाठी नेमकी तीच पसंत केली.

पोरगा भला होता. त्यानं चारी कोपऱ्यांत खणून माती तपासली. कोपऱ्यांत माती दगडासारखी; विहीर मधोमध. आमचे हे त्याच्या शेजारीच उभे होते. "साहेब, तिथलं गवत नाजूक आहे," एवढंच म्हणाले.

"गवत काय हो, परत उगवतं," साहेब हसला.

गॅलरीवर बँडची तालीम होती, तिच्या आदल्या दिवशी हे जेवायला आले आणि हात धूतच राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"गॅलरीच्या मधल्या खांबाशी एकाच्या हातातला पाना पडला. मातीला भेग गेली होती, त्यात."

"मग?"

"पडत राहिला." त्यांनी नळ बंद केला, परत सोडला. "आवाज फार उशिरा आला. गडी म्हणाले, घुशीचं बीळ असेल."

"साहेबाला सांगा ना."

"काय सांगू? बाबांचा सत्कार आहे त्या गॅलरीवर. आणि मग हे घर राहील आपल्याकडे?"

"आणि टिपरी?"

ते परत हात धुऊ लागले. रात्री मनात आलं, पोरीला ताप आलाय म्हणून घरी ठेवावं. पण बाकीच्या पोरींच्या आयांनी कुठला ताप आणायचा?

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब स्वतः मामंजींना न्यायला आला. मामंजी सकाळपासून इस्त्रीचा कोट घालून खिडकीशी बसले होते. खिडकीतून गॅलरी दिसत होती. तिचा मधला भाग किंचित, अगदी किंचित, खाली झुकल्यासारखा वाटत होता. की मलाच वाटत होता, देव जाणे.

"चला आजोबा," साहेब म्हणाला. "तुमची खुर्ची अगदी मधोमध ठेवलीय. पोरी तुमच्या मागे. आधी तालीम बघा, रविवारी मान."

टिपरी ड्रमचा पट्टा गळ्यात अडकवून दारात उभी होती. "आजोबा," ती म्हणाली, "लहानपणी मी त्या वाफ्यात चेंडू आणायला गेले होते, तर तुम्ही मला मारलं होतं. आता चालतं?"

कुणाला खोकलासुद्धा आला नाही.

"अगं, त्याचं काय आहे," हे म्हणाले, "तिथलं गवत..." आणि थांबले.

सासूबाईंनी पदराला हात पुसले. टिपरीच्या गळ्यातला पट्टा काढला, ड्रम उचलला आणि मामंजींच्या मांडीवर ठेवला.

"अहो, धरा हे," त्या म्हणाल्या. "पोरीला जाऊ दे म्हणा, की मी देते तिच्याकडे परत. तुमच्याच तोंडानं म्हणा."

मामंजींचे हात ड्रमच्या कातड्यावर होते. बोटं नकळत त्यावर टेकत होती, त्यानं आतून बारीक, पोकळ आवाज येत होता. लांब मैदानात शिक्षिकेची शिट्टी वाजली. पोरी रांगेनं गॅलरीकडे निघाल्या होत्या.

साहेबानं घड्याळ पाहिलं. "आजोबा, उशीर होतोय."

"पोरींना थांबवा, साहेब," मामंजी म्हणाले. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, सासूबाईंकडे पाहिलं. "गवत नाजूक नाही. त्याच्याखाली विहीर आहे. मी ती भरलीच नाही."