माझ्या पाठीवरची पाटी

मित्रांनो, मी एक जुना सागवानी बाक. सत्तरी ओलांडली. या वयात बाकानं सावलीत निवांत पडून राहावं आणि दमल्याभागल्याला टेकू द्यावा, एवढीच तुमची अपेक्षा असेल. माझीही होती. पण गेल्या आठवड्यापासून मला चैन नाही. संध्याकाळी सहाच्या सुमारास फाटकाशी गाडी वाजली की माझ्या फळ्या करकरतात. लोक म्हणतात, कुवेतच्या उन्हानं लाकूड फुगलंय. फुगायला मी काय पुरी आहे? माझी तगमग वेगळीच आहे, आणि ती कळायची तर पहिल्यापासून ऐकावं लागेल.

माझं लाकूड ब्रह्मदेशातलं, पण मी घडलो दक्षिण आफ्रिकेत, डरबनच्या रेल्वे कारखान्यात. आठ फूट लांबी, बिडाचे पाय, जराशी कललेली पाठ. रंधा गोऱ्या सुतारानं मारला, ओंडके काळ्या मजुरांनी वाहिले. पॉलिश सुकल्यावर टेकून पाहिलं ते मात्र एकट्या सुतारानं. मग एक रंगारी आला आणि त्यानं माझ्या पाठीवर दोन भाषांत ठळक अक्षरं काढली. मला वाचता येत नव्हतं. मला वाटलं, माझं बारसं झालं. मोठ्या ऐटीत मी फलाटावर जाऊन उभा राहिलो.

त्या अक्षरांचा अर्थ होता 'फक्त गोऱ्यांसाठी'.

त्या देशात तेव्हा तसा कायदाच होता. गोऱ्यांचे डबे वेगळे, शाळा वेगळ्या, दवाखाने वेगळे, समुद्राचा किनारासुद्धा वेगळा. ज्यांची ती भूमी, त्या काळ्या माणसांना आपल्याच शहरात फिरायला खिशात परवान्याचं पुस्तक लागायचं, आणि मतदानाचा हक्क तर नव्हताच. ऊस तोडायला हिंदुस्थानातून नेलेल्या मजुरांची नातवंडंही तिथं होती. त्यांचे बाक फलाटाच्या पार टोकाला, पत्र्याच्या शेडखाली होते. माझ्यावर दिवसभरात कधी दोन माणसं बसत, कधी एखादी टोपी. समोर शंभर माणसं गाडीची वाट पाहत उभी असत.

थांडेका नावाची एक झुलू बाई फलाट झाडायची. रोज सकाळी ती मला ओल्या फडक्यानं पुसायची, अगदी खालच्या पट्ट्यांपर्यंत. पंचवीस वर्षं तिनं मला पुसलं, पण माझ्यावर बसली नाही. तिचे पाय सुजलेले असायचे. दोन गाड्यांच्या मधे ती माझ्या शेजारी फरशीवर बसायची, आणि मी रिकामा असायचो. एकदा सहा काळी मुलं ठरवून येऊन माझ्यावर बसली, एक शब्दही न बोलता. पोलिसांनी त्यांना ओढत नेलं. नंतर थांडेकानं माझ्यावरचं रक्त पुसलं. मला लाज वाटली. लाकडाला लाज कसली, असं म्हणू नका. त्या दिवशी मी बाक नव्हतो, पोलिसांच्याच बाजूचा होतो.

पण दिवस पालटले. तुरुंगांची दारं उघडली, बंदी घातलेले पक्ष उघड सभा घेऊ लागले, वेगळेपणाचे कायदे एकेक करून रद्द झाले. तोच रंगारी, आता म्हातारा झालेला, डबा घेऊन आला आणि माझी अक्षरं तपकिरी रंगाखाली बुजवून गेला. त्याला पाच मिनिटं लागली. तरी थांडेका बसली नाही, आणखी चार वर्षं बसली नाही.

मग चौऱ्याण्णवच्या एप्रिलात मतदान झालं. सगळ्यांचं, एकाच रांगेत. थांडेका सात तास रांगेत उभी होती. तिथून ती तशीच फलाटावर आली, माझ्यावर धपकन बसली, चपला काढल्या आणि पाठ टेकून गाढ झोपली. मुकादम दोनदा येऊन पाहून गेला. तिला उठवायची त्याची हिंमत झाली नाही. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा दिवस.

पुढे काही महिने मला एका सभागृहाबाहेर नेऊन ठेवलं. आत नव्या सरकारनं नेमलेल्या आयोगासमोर लोक आपल्यावरचे अत्याचार सांगत, आणि अत्याचार करणारे आपले गुन्हे कबूल करत. आपली पाळी येईपर्यंत आया माझ्यावर बसायच्या, मांडीवर मुलाचा फोटो घेऊन. सगळ्यांना न्याय मिळाला, असं मी म्हणणार नाही. थांडेकाच्या वस्तीत नळ आला, वीज आली, पण तिच्या नातवाला नोकरी मिळाली नाही. जुनी हाडं एका रात्रीत सरळ होत नाहीत.

नवं स्थानक बांधलं आणि माझा लिलाव झाला. वीसेक वर्षं मी गोदामात धूळ खात पडलो. मग एका व्यापाऱ्यानं मला जहाजात घालून कुवेतला आणलं, जुन्या वस्तूंनी सजवलेल्या एका कॉफीच्या दुकानासाठी. तिथं मला हिरवा रंग फासला. दोन वर्षांत दुकान बंद पडलं आणि माझी रवानगी शहराबाहेर अम्गऱ्याच्या भंगारात झाली. मोडके एसी, गंजलेली कपाटं, आणि त्यांच्यात मी, हिरवा पोपट.

भंगाराच्या त्या यार्डात रत्नागिरीकडचा हारून काम करायचा. शेजारच्या वर्कशॉपमधला जयराम त्याचा दोस्त. जयराम कुडाळजवळच्या एका गावचा सुतार. दोन वर्षांच्या करारावर आला आणि करार वाढवत वाढवत अकरा वर्षं राहिला. एके दिवशी त्यानं नखानं माझा रंग खरवडला.

"ह्या सागवानाक असलो रंग कोणी फासल्यान रे?"

"कुणाला माहीत," हारून म्हणाला. "लोखंड असता तर वजनावर गेला असता. तुला पायजे तर ने, माझी जागा मोकळी होईल."

जयराम सुट्टीच्या दिवशी पॉलिश-पेपर घेऊन बसला. हिरवा रंग गेला, तपकिरी गेला, आणि खालून ती जुनी अक्षरं वर आली. त्यानं हारूनला बोलावून वाचायला लावलं.

"फक्त गोऱ्यांना बसायला, असा लिवलाय."

"म्हंजे आपण बसाक नाय?"

"आपण तर नायच."

आधी जयराम माझ्यावर ऐसपैस बसला, मांडी घालून, आणि मगच त्यानं ती अक्षरं घासून काढली. मित्रांनो, असा कारागीर मिळायला भाग्य लागतं.

हाफ-लॉरीत, म्हणजे छोट्या टेम्पोत, घालून त्यानं मला अब्बासिया नावाच्या वस्तीत आणलं, तो राहतो त्या इमारतीच्या अंगणात. वरच्या मजल्यांवर कुटुंबं राहतात, तळमजल्यावरच्या एका खोलीत जयरामसारखे सात जण. खोलीत खाटांमधून वाट काढणं मुश्कील. म्हणून कंपनीची बस सोडून गेली की तो हातपाय धुऊन माझ्यावर येऊन बसायचा आणि गावी फोन लावायचा. बायको आनंदी, मुलगी समिधा. मुलगी यंदा दहावीला. फोन झाला की पहिल्या मजल्यावरच्या द्वारकाबाईंशी गप्पा. त्या लातूरकडच्या, चौऱ्याहत्तर वर्षांच्या, मुलाकडे व्हिजिटवर आलेल्या. मुलगा शैलेश कुवेत सिटीत अकाउंटंट, सून नोकरीला, नात स्वरा इंग्रजीतच उत्तर देते. बाईंना दिवसभरात मराठी बोलायला जयरामच काय तो मिळायचा.

आणि मग ती पाटी आली.

इथं एक गंमत आहे, म्हणजे गंमत नाहीच. कुवेतमध्ये ज्याची बायको इथं नाही तो 'बॅचलर'. मग त्याला गावी चार लेकरं असली तरी. इमारतीतल्या काही कुटुंबांनी तक्रार केली की संध्याकाळी बॅचलर लोक अंगणात बसतात, बायकामुलांना संकोच वाटतो. शैलेश इमारतीच्या मंडळाचा सेक्रेटरी. माणूस वाईट नाही, दिवाळीला खालच्या खोलीत फराळाचं ताट पाठवतो. तो जयरामकडे आला.

"जयराम, तुम्ही कारागीर माणूस. या बाकासाठी एक छानशी पाटी करून द्याल? 'फक्त फॅमिलीसाठी'. इंग्लिश आणि मराठी, दोन्हीत."

जयरामनं डोकं खाजवलं. "म्हणजे आमी..."

"तुमच्यासाठी नाही हो ती. तुम्ही घरचेच. बाकीचे कोणी कोणी येऊन बसतात ना, त्यांच्यासाठी."

साहेबाला तोंडावर नाही म्हणणं जयरामच्या रक्तात नाही. आणि काम हातात घेतलं की ते वाईट करणंही नाही. शिसवीच्या तुकड्यावर त्यानं अक्षरं कोरली, कडा गोल केल्या, पॉलिश दिलं आणि चार पितळी स्क्रूंनी ती पाटी माझ्या पाठीवर बसवली. स्वतःच्या हातानं. मला ओरडावंसं वाटत होतं. अरे माणसा, हे मी पाहिलेलं आहे! पण बाकाला तोंड कुठलं?

दुसऱ्या दिवसापासून जयराम माझ्यावर बसला नाही. तो घरचा होता हे शैलेशला माहीत होतं, पाटीला कुठं माहीत होतं? तो भिंतीशी, कचऱ्याच्या डब्यापाशी उभा राहून फोन करू लागला.

"बाबा, उभ्यान कित्याक बोलतास?" समिधानं विचारलं.

"दिवसभर बसान कंटाळलंय गो. पाय मोकळे करतंय."

दिवसभर रंधा मारणारा माणूस बसून कंटाळला होता! अकरा दिवस हे चाललं. मला वाटू लागलं, मी सात समुद्र ओलांडून आलो ते पुन्हा त्याच फलाटावर येऊन पोचलो.

बाराव्या दिवशी द्वारकाबाई माझ्यावर बसल्या होत्या. त्यांनी जयरामला हाक मारली. "बस की रे इथं. रोज उभारून का बोलायलास?"

"नको काकू. कपडे धुळीचे आसत."

बाईंनी मान वळवली आणि माझ्या पाठीवरची पाटी बोट ठेवून एकेक अक्षर वाचली. मग त्या गुडघ्यांवर हात टेकत उठल्या आणि जयरामच्या शेजारी भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. तो हातापाया पडला, "काकू, बसा." त्या बसेनात. अर्धा तास दोघंही उभे. सहा वाजता शैलेशची गाडी आली.

"आई, उभी का? गुडघ्यांचं काय?"

"पाटी वाच."

"अगं, ती तुझ्यासाठी नाहीये."

"मग कुणासाठी हाय?"

शैलेशनं जयरामकडे पाहिलं. "जयरामसाठी पण नाही. ते घरचेच आहेत."

"मग अकरा दिवस झाले उकिरड्यापाशी उभारून लेकीशी बोलायलाय, ते कशापायी?" बाईंचा आवाज चढला नाही. "तुझ्या बापानं नऊ वर्सं सोलापूरच्या मिलात काढली. मी गावाकडं, तू माझ्या कडेवर. तवा त्यो बिनलग्नाचा होता का रे?"

शैलेशचे कान लाल झाले. मग तो माझ्यापाशी आला आणि गाडीच्या किल्लीनं स्क्रू फिरवू लागला. किल्ली घसरली. जयराम धावत खोलीत जाऊन पान्हे आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला. "साहेब, ऱ्हवांदे, मी काढतंय."

"त्याला देऊ नको," बाई म्हणाल्या. "त्यानं तुझ्या शब्दाखातर लावली. काढायची तूच."

स्क्रू पक्के होते. कीबोर्डची सवय झालेल्या हातांना वीस मिनिटं लागली, बोट सोलवटलं. वरच्या बाल्कन्यांतून लोक बघत होते. एक बाई मोठ्यानं म्हणाली, "आता काय, सगळेच येऊन बसतील." पाटी निघाली. शैलेशनं ती फेकली नाही, गाडीच्या डिकीत ठेवली. येत्या शुक्रवारी मंडळाची बैठक आहे, तिथं पुन्हा विषय निघणार आहे. म्हणून सहा वाजता ती गाडी आली की माझ्या फळ्या करकरतात. द्वारकाबाईंचा व्हिसा तर दहा दिवसांत संपतो.

आणि जयराम? त्या संध्याकाळी बाईंनी हात धरून त्याला बसवलं. त्यानं आधी बाहीनं माझी फळी पुसली आणि अगदी कडेवर टेकला, अर्धंच वजन टाकून, पावलं उठायच्या बेतात. तेव्हापासून रोज तसाच बसतो. माझ्यावर मांडी घालून बसलेला तो सुतार मला अजून परत मिळालेला नाही.

मित्रांनो, मला नवं पॉलिश नको, छप्पर नको. एवढंच करा. कधी माझ्यासारख्या बाकावर बसाल, तेव्हा शेजारी कुणी उभं आहे का ते पाहा आणि त्याला बसायला सांगा. एकदा सांगून थांबू नका. पहिल्या वेळी तो 'नको' म्हणतो.